टोफूत शिरलेलं आइ

चिगुसाने साच्यावरचं फडकं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा टाकलं. डोळे चोळले. परत उचललं. टोफू निळाच होता.

थोडाथोडका नाही, ढग नसलेल्या आभाळासारखा स्वच्छ निळा! कोणी घडी करून रुमाल म्हणून खिशात घातला असता तर शोभून दिसला असता. पण खायची वस्तू निळी नसते हे रांगत्या पोरालाही कळतं. तिने दुसरा साचा उघडला. निळा. तिसरा उघडला, तर तो कडेला चक्क जांभळट मारत होता.

"सोकिची-साऽऽऽन!"

मिझुकुची गावात भांडतानाही नावापुढचा मानाचा 'सान' सोडत नाहीत. उलट 'सान' जितका लांब, तितका राग मोठा. आजचा 'सान' पार डोंगरापर्यंत जाऊन परत आला.

सोकिची म्हणजे शेजारचा रंगारी. गेल्या वर्षी तो आपल्या मामाचं निळीचं दुकान चालवायला किनाऱ्यावरून इथे आला, आणि पहिल्याच दिवशी त्याने वाळत घातलेलं कापड चिगुसाच्या डोक्यावर ठिबकलं. आठवडाभर तिचे केस निळे राहिले. तिने मग सोयाबीन शिजवताना खिडकी उघडी टाकून सगळी वाफ त्याच्या कपड्यांवर सोडायला सुरुवात केली. दोघांच्या घरांमध्ये भिंत एकच. डोंगरातून येणारा झरा आधी त्याच्या अंगणातून जायचा, मग हिच्या दुकानात यायचा. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे, आणि तेही एकाच पाण्यात!

सोकिची दाराशी आला. कोपरापर्यंत निळे हात, केस विस्कटलेले.

"हे काय आहे?" चिगुसाने ताट त्याच्या नाकाखाली धरलं.

"टोफू."

"रंग कोणता?"

"निळा. काय सुंदर बसलाय हो! माझ्या कापडावर आठवडाभर असा बसत नाहीये." हे म्हणताना त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पण ते बघायला चिगुसा थांबली असती तर गोष्ट इथेच संपली असती.

"तुमच्या रांजणाचं पाणी पाटात सोडता आणि वर कौतुक करता? लाज नाही वाटत?"

"मी काहीही सोडलेलं नाही!"

"मग काय हा टोफू लाजून निळा झाला?"

"लाजला असता तर लाल झाला असता. तुमच्या घरात लाजायची पद्धत आहे कुठे?"

बस्स! चिगुसाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने दार इतक्या जोरात सरकवलं की ते रुळावरून उतरलं.

पण आत येऊन ती मटकन खाली बसली, कारण उद्या एबिसुदेवाचा सण होता. सणाला झऱ्यावरच्या प्रत्येक घराने आपल्या हातची वस्तू देवापुढे ठेवायची. देवाने ती घेतली, की त्या घराला झऱ्याच्या पाण्याचा एक वाटा, पुढच्या सणापर्यंत. नाही घेतली, तर पाटवाला घरात येणाऱ्या पाटावर फळी ठोकणार, की झालं. पाणी नाही म्हणजे टोफू नाही, आणि टोफू नाही म्हणजे दुकान नाही. बाबांची पाठ गेल्यापासून ते मोठ्या ताईकडे राहायला गेले होते. जाताना एवढंच म्हणाले होते, "जमेल ना गं तुला एकटीला?" आणि चिगुसाने छाती काढून सांगितलं होतं, "म्हणजे काय!" एकटीच्या जिवावर तिचा हा पहिलाच सण. आणि ताटात काय, तर आभाळ!

पाण्याची भांडणं खरं तर जलदेवी सोडवते. पण हा दहावा महिना, आणि या महिन्यात जलदेवी काय, कोणताच देव जागेवर नसतो. सगळे जातात इझुमोला. तिथे मोठी सभा भरते आणि पुढच्या वर्षी कोणाची जोडी कोणाशी लावायची ते ठरतं. मागे राहतो एकटा एबिसु. त्याला ठार ऐकू येत नाही, त्यामुळे सभेचं बोलावणं आलेलं त्याला कळतच नाही. गावाचे ताप, खोकले, हरवलेली मांजरं, सगळं महिनाभर त्याच्याच गळ्यात.

त्याचं देऊळ मासळीबाजारात आहे. पुढून कितीही हात जोडा, उपयोग शून्य. मागच्या भिंतीवर धडाधड थापा मारायच्या आणि बोंब ठोकायची, तेव्हा कुठे आत हालचाल होते. चिगुसाने दोन्ही हातांनी भिंत बडवली.

"अहो देवाऽऽ! तक्रार आहे!"

"शिकार?" आतून झोपाळू आवाज आला.

"तक्रार! सोकिचीची! त्याचं आइ माझ्या घरात शिरलंय!"

 मासे विकणाऱ्या ओतोयोमावशीचा सुरा माशाच्या पोटात अर्धवट थांबला.

"काय शिरलंय?" देवाने विचारलं.

"आइ! आइ! सोकिचीचं आइ! भिंतीला कान असतील तर ऐका ना! रोज थोडं थोडं येत असणार, आज थेट माझ्या टोफूत उतरलं! माझ्या तोंडचं पाणी पळालंय! काहीतरी करा हो!"

आता घोळ असा की इथल्या बोलीत निळीला 'आइ' म्हणतात. आणि प्रेमालाही 'आइ'च म्हणतात. लिहिताना दोन्ही वेगळी, पण ओरडताना कोण लिहून दाखवतंय? चिगुसाच्या डोळ्यांसमोर सकाळपासून निळं सोडून दुसरं काही नव्हतं, त्यामुळे आपण भरबाजारात काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. बाजाराच्या मात्र लगेच लक्षात आलं.

"मला वाटलंच होतं," ओतोयोमावशी शेजारणीला म्हणाली. "रोज उठून इतकं भांडायचं म्हणजे काहीतरी असणारच गं बाई."

"मावशी, आइ म्हणजे नीळ! रंग!" चिगुसा किंचाळली.

"हो हो, रंग चढलाय खरा. गाल बघ की आरशात."

तेवढ्यात देवळाचं दार धाडकन उघडलं आणि खुद्द एबिसु बाहेर आला. गोल पोट, लोंबत्या कानांच्या ही एवढ्या पाळ्या, काखेत मासा, खांद्यावर गळाची काठी, आणि डोळ्यांत पाणी.

"जोडी!" तो म्हणाला. "माझ्याकडे जोडी आली! दर वर्षी ते सगळे तिकडे बसून जोड्या जुळवतात आणि मला काय, तर 'एबिसु, घर सांभाळ'. इतकी वर्षं झाली, कोणी म्हणून विचारलं नाही. पोरी, तू माझी पहिली जोडी!"

"देवा, नाही! नीळ! निळं आइ!"

"निरागस? अगदी निरागस! थांब, जोड्या बांधायला लाल दोरा असतो त्यांच्याकडे, मला देत नाहीत मेले. असू दे, माझ्याकडे हे आहे."

त्याने काठी फिरवली. गळ सुंऽऽ करत मासळीबाजारावरून, छपरांवरून, दारूवाल्याच्या पिंपांवरून गेला आणि दिसेनासा झाला. मग लांबून "अरे! अरे! कोण ओढतंय!" असा आवाज जवळ जवळ येत गेला. पाठमोरा, एका पायात खडाव घातलेला सोकिची कमरपट्ट्याला अडकून बाजारात हजर झाला. दोरीचं दुसरं टोक देवाने चिगुसाच्या मनगटाला बांधलं, कोळ्याच्या पक्क्या गाठीने.

"आता उद्या सणाला दोघं मिळून या," असं म्हणून देव आत गेला आणि आनंदाने घोरू लागला.

दोघांच्या मधली दोरी होती जेमतेम दोन हातांची.

"काय सांगितलंत त्याला?" सोकिचीने विचारलं.

"तक्रार केली."

"कशाची?"

चिगुसाने तोंड उघडलं, ओतोयोमावशीकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी आपण काय काय ओरडलो ते सगळं तिला आठवलं. "तुमच्या... आइची," ती पुटपुटली. सोकिचीचे हात निळे, चेहरा लाल, असं काहीतरी विचित्रच दिसू लागलं.

दोरी कापायला त्यांनी टोफूची सुरी लावली, त्याची कात्री लावली, मावशीचा सुरासुद्धा लावला. सुऱ्याला खांड पडली. मावशी म्हणाली, "देवाची गाठ आहे, उगाच माझी हत्यारं खराब करू नका." तेव्हा दोघं निमूटपणे घराकडे निघाले. म्हणजे ती पुढे आणि तो फरफटत मागे, मग तो पुढे आणि ती फरफटत मागे.

"आधी पाट बघायचा," चिगुसाने हुकूम सोडला. "वरपासून. कुठे सोडता ते माझ्या डोळ्यांनी बघते."

पाट बघितला. सोकिचीच्या अंगणात पाणी स्वच्छ. भिंतीखाली स्वच्छ. चिगुसाच्या दुकानात येतं तिथेही इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. सोकिची 'बघितलंत?' असंसुद्धा म्हणाला नाही, आणि त्यामुळे चिगुसाला जास्तच राग आला.

"मग निळं येतं कुठून?" तिचा आवाज जरा खाली आला होता. दुपार कलली होती. भिजवलेलं सोयाबीन वाटायला घ्यायची वेळ जवळ येत होती आणि काय वाटायचं, आणखी निळा टोफू?

"चिगुसा-सान," सोकिची हळूच म्हणाला, "तुमच्या चुलीमागची भिंत बघा."

भिंत खांद्यापर्यंत निळी होती. आणि नुसती निळी नाही, बघता बघता ती निळाई ओल चढावी तशी वर सरकत होती, आणि सोयाबीनची कढई तिलाच टेकलेली होती.

सोकिची एकदम वळला आणि पळत सुटला, म्हणजे चिगुसाही पळत सुटली. त्याच्या रंगशाळेत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला मोठा रांजण होता. गावात सगळे त्याला रांजणबाई म्हणत. नीळ जिवंत असते, तिला खायला लागतं, ऊब लागते, नाहीतर ती रुसते. बाईंच्या पाण्यावर एरवी गर्द फेसाचं फूल तरंगायचं. आज ते नव्हतं. पाणी फिकट, वरणाच्या निवळीसारखं. काठीवर उद्यासाठी देवाला द्यायचं मुंडासं लटकत होतं. पांढरंफटक!

"थंडीने चाललीये ती," सोकिची म्हणाला. "खड्ड्यात जाळायला कोंडा लागतो, तो संपला. तुमच्या भिंतीमागे चूल पेटते ना रोज. बाई शेकायला तिकडे जाते."

चिगुसाने बघितलं, तर रांजणाच्या गळ्याभोवती एक जाड गोधडी गुंडाळलेली होती. माणसाची, एका माणसाच्या मापाची.

"ही कोणाची?"

"माझी."

"मग तुम्ही काय पांघरता?"

"पोतं."

"माझ्या परसात सोयाबीनच्या भुशाचा डोंगर पडलाय! मागायचा होता ना!"

"तुमच्याकडे?" सोकिची म्हणाला. "तुम्ही मला त्या भुशाबरोबर पेटवलं असतंत."

चिगुसाला हसू आलं. वेळ हसण्याची अजिबात नव्हती, तरी आलं. मग तिने भुशाची पोती ओढायला घेतली, आणि दोरीमुळे त्यालाही ओढावीच लागली. रांजणाशेजारच्या खड्ड्यात भुसा पेटवला. चिगुसाने सकाळचा सोयाबीनचा चोथा चुलीवर गरम करून आणून चमच्याने भरवावा तसा रांजणात घातला.

"खा गं बाई. माझी वाट लावलीस, आता तरी खा."

रांजणबाईने आधी चोथा गिळला. मग 'गुडुप्' असा मोठ्ठा ढेकर दिला.

पलीकडे जाऊन पाहिलं, तर भिंतीवरची निळाई बोटभर खाली आली होती. फक्त बोटभर. ती चुलीच्या खाली उतरायच्या आत सोयाबीन कढईत पडलं तर सगळं वाया, आणि उशीर केला तर सणापर्यंत टोफू घट्ट होणार नाही. चिगुसा एक डोळा भिंतीवर ठेवून जात्यात सोयाबीन टाकत होती. जातं सोकिची ओढत होता. हाताचा रंग उतरू नये म्हणून त्याने कोपरापर्यंत फडकी बांधली होती.

"हळू! दूध फुटेल."

"जात्यात कसं फुटेल? अजून उकळायचंय."

"माझ्या दुकानात माझ्या मनाने फुटतं!"

उजाडायला लागलं तेव्हा भिंतीवरची निळाई चुलीच्या खाली उतरली. चिगुसाने उकळवलं, गाळलं, दूध घट्ट व्हायला समुद्राच्या मिठाचं कडू पाणी सोडलं, पळीने एकदाच, हलक्या हाताने, आणि साच्यावर फडकं टाकून वजन ठेवलं. मग दोघं शेजारी शेजारी बसून त्या फडक्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघत राहिले.

"तुम्ही उचला," चिगुसा म्हणाली. "माझ्याच्याने नाही होत."

सोकिचीने उचललं. पांढरा! दुधासारखा, नव्या कागदासारखा पांढरा! चिगुसा तशीच उडी मारून उठली आणि दोरीबरोबर तोही उठला. मग दोघं रंगशाळेत धावले. रांजणात फेसाचं फूल फुललं होतं, आणि मुंडासं बुडवून काढल्यावर वाऱ्यावर हिरवट, मग गर्द निळं झालं.

"बघ, चिगुसा! बघ तरी!" सोकिची ओरडला. 'सान' कुठे पडला ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे चिगुसाला कळलं, पण तिने उचलून दिला नाही.

सणाला सगळा गाव देवळासमोर जमला. देव पुढे बसला होता. त्याने दारूवाल्याचा प्याला घेतला, भाजीवाल्याचा मुळा घेतला आणि प्रत्येकाला वाटा दिला. मग सोकिचीचं मुंडासं डोक्याला गुंडाळलं, खूश झाला, आणि चिगुसाच्या ताटाकडे वळला.

"आणि हा तो टोफू! आइ उतरलेला!" जेवायच्या काड्या हातात घेऊन त्याने टोफू उजेडात धरला. "कुठंय आइ?"

चिगुसाने अभिमानाने छाती फुगवली. "काढून टाकलं, देवा! सगळं!" नेमकं एवढं मात्र त्याला स्वच्छ ऐकू गेलं.

"काढून टाकलं?" देवाचा चेहरा कोसळला. "आइ? माझी पहिली जोडी... काढून टाकली?" त्याने काड्या खाली ठेवल्या.

 देवाने काड्या ठेवल्या म्हणजे संपलं. पाटवाल्याने नाइलाजाने फळी आणि हातोडा उचलला. चिगुसाच्या डोळ्यांसमोर दुकान उभं राहिलं: कोरडं टाकं, थांबलेलं जातं, आणि बाबांचा 'जमेल ना गं?' 

तेवढ्यात मनगटाला हिसका बसला. सोकिची देवळाच्या मागे निघाला होता. तीही ओढली गेली. त्याने भिंतीवर धडाधड थापा मारल्या.

"देवा! त्या टोफूत आइ आहे!"

"पांढरा दिसतोय!" देव पुढून रुसून म्हणाला.

"दिसत नाही! पण आहे! ती वाफ सोडते ना माझ्या कपड्यांवर, तेव्हापासून आहे! मी मुद्दाम तिच्याच खिडकीसमोर कपडे वाळत घालतो!"

चिगुसा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने कान टवकारले. "मुद्दाम?"

"कुठे घालतोस?" देव ओरडला.

"तिच्या खिडकीसमोर!"

"काय?"

"खिडकीऽऽ! ती खिडकीत येऊन शिव्या देते! ऐकायला घालतो!" सोकिचीचा आवाज चिरकला. आता डोंगरापलीकडच्या गावालाही कळलं होतं.

"बरं!" देवाचा आवाज किंचित सैल झाला. "आणि तिचं? एकट्याचं आइ चालत नाही!"

सगळा गाव देवळामागे डोकावून चिगुसाकडे बघू लागला. पाटवाल्याने हातोडा तसाच वर धरला होता. चिगुसाला पाणी हवं होतं, हे खरं. पण पाण्यासाठी खोटं बोलावं, तर ते तिच्या तोंडून आलंच नसतं. तिने त्या निळ्या हातांच्या, पोतं पांघरणाऱ्या माणसाकडे एकदा बघितलं, आणि भिंतीवर मूठ आपटली.

"माझंही आहे!"

"काय?"

"माझंही आहे म्हटलं ना! किती वेळा सांगायचं!"

देवाने टोफू एका घासात गिळला. ताट चाटलं. गळाची काठी फिरवून दोरी सोडवून घेतली आणि डोळे पुसले. ओतोयोमावशीने सुरा उंच धरून "जमलंऽऽ!" अशी आरोळी दिली.

"आता पाण्याचा वाटा," देव म्हणाला. "हे दोघं जोडी झाले. जोडी म्हणजे एक घर. एक घर, एक वाटा!"

पाटवाला दोघांच्या भिंतीखालच्या पाटावर फळी ठोकायला निघाला.

चिगुसाने सोकिचीकडे पाहिलं. सोकिचीने चिगुसाकडे.

"सकाळचं पाणी माझं," चिगुसा म्हणाली.

"सकाळचं? अगं, कापड सकाळीच धुवायचं असतं!"

"मग टोफू काय संध्याकाळी करू?"

"मी काय सांगू? लवकर उठ!"

"तू उठ! रांजण तुझा, ढेकर तुझ्या बाईचा, आणि लवकर मी उठू?"

"चोथा तूच भरवलास तिला! आता ती रोज मागतेय!"

भांडत भांडत दोघं उताराने घराकडे निघाले, हातवारे करत, एकमेकांच्या तोंडावर ओरडत. दोरी नसताना मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसून एबिसुने निळं मुंडासं नीट केलं आणि त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"बघा तरी," तो ओतोयोमावशीला म्हणाला, "किती गोड बोलतायत एकमेकांशी!"